देवाला जाणारा टेंपो

डिझेलवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. आता हा वाळवंट दाखवणार, उंट दाखवणार, पांढरा डगला घातलेला शेख दाखवणार. मग जगाचा नकाशा काढून सांगणार, की तेल कुठून निघतं आणि कुठं जातं. बसा, काढतो नकाशा. हे वळसंग, हे कुंभारी, हे सोलापूर. संपला नकाशा. आमचं सगळं तेल एवढ्या रस्त्यावर जळायचं, आणि ह्याच रस्त्यावर ते संपलं.

आणि तुमच्यातल्या कुणी मला गणपतीत स्टेजवर बघितलं असेल तर ते म्हणत असतील, अरे हा तर नकला करणारा, हा हसवणार. हसा की. मधे मधे हसण्यासारखं आहे. गाव हसलं, ऑफिसापुढची रांग हसली, मी तर सगळ्यात जास्त हसलो. पण लिहितोय ते दातओठ खात लिहितोय, एवढं आधीच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका, की विनोदी म्हणून वाचायला घेतलं आणि आत नुसता जाळ निघाला.

आमच्या घरात तीन माणसं आणि एक टेंपो. अव्वा म्हणजे आई. आमच्या घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी चालतं, त्यामुळं आईला अव्वा आणि थोरल्या भावाला अण्णा. तिसरा मी. वडील गेल्यापासून घर अण्णावर आणि अण्णा टेंपोवर. टेंपो डिझेलचा, जुना, दोन मालकांना वैतागून आमच्याकडं आलेला. सकाळी वळसंगच्या फाट्यावर वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा व्हायचं. अण्णा कॅन भरायचा आणि ऊन तापायच्या आत सोलापुरात डेअरीवर पोचवायचा. ही दुधाची फेरी म्हणजे आमचं सगळं. चूल तिच्यावर, अव्वाच्या गुडघ्याचं औषध तिच्यावर, माझं कॉलेज तिच्यावर. येताना मोकळ्या टेंपोत पेंडीची पोती यायची, माणसं यायची. एकदा एक नवरी सासरहून रुसून आली होती, तीसुद्धा रिकाम्या कॅनवर बसून.

मी कॉलेजला जायचो, म्हणजे माझं नाव तिथं होतं. खरं शिक्षण टेंपोच्या मागच्या फळीवर चालायचं. कानावर पडलेला आवाज माझ्या गळ्यात कायमचा मुक्कामाला येतो. शाळेतले हेडमास्तर, यष्टीचा कंडक्टर, मार्केट यार्डातला अडत्या, सगळे तिथं भाडं न भरता राहतात. थंडीत टेंपो चालू होताना जसा खोकायचा, तसा खोकला मी काढला की अव्वा आतून ओरडायची, "निघाला व्हय रे? च्या तरी पिऊन जावा!" आणि बाहेर येऊन बघते तर टेंपो गार उभा आणि मी दाराआड. सगळे हसायचे. अण्णा तेवढा हसायचा नाही.

"दुसऱ्याच्या तोंडानं किती बोलतो रे तू," म्हणायचा. "तुजं सोताचं कवा उघडनार?"

आता त्या साहेबाकडं येतो.

हिवाळ्यात एक जीप आली. जीपमधून एक साहेब उतरला, त्याच्यामागं एक कारकून. पुरवठ्याच्या ऑफिसातले. साहेब उंच, इस्त्रीचा, नाकात बोलणारा. चावडीपुढं खुर्ची टाकली, गावातल्या डिझेलवाल्यांना बोलावलं आणि म्हणाला, "घाबरू नका. पुढच्या काळात कुठल्या भागाला साधारण किती डिझेल लागेल, त्याचा आम्ही अंदाज घेतो आहोत. तुमची मागणी किती, तेवढं सांगा. बाकी काही नाही."

घाबरू नका म्हटल्यावर गाव जे घाबरलं!

आता तुम्ही शहाणी माणसं म्हणाल, काय हे अडाणी लोक. थांबा जरा. त्याच्या आधी असाच एकजण आला होता. कुणाकुणाकडं सायकली आहेत, सहज विचारून गेला. मग सायकलींना बिल्ले आले आणि बिल्ल्याबरोबर कर आला. दुसरा एकजण आला, चहा पिला, रेडिओ ऐकला, "वा, काय आवाज आहे," म्हणाला. मग त्या रेडिओचं लायसन विचारायला तिसरा आला. आमच्याकडं सरकारी माणूस विचारायला आला म्हणजे मोजायला आला, आणि मोजायला आला म्हणजे न्यायला आला. त्याच्यापुढं आपल्याकडं काहीच नाही असं सांगायचं, हे आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी येतं. कुणी शिकवलं? ह्यांनीच शिकवलं.

पहिला नंबर तात्यांचा. तात्या म्हणजे गावातले मिशीवाले शेतकरी, विहिरीवर डिझेल इंजिन असलेले. साहेबानं विचारलं, "इंजिन आहे?"

"हाय न्हवं, व्हतं," तात्या म्हणाले. "गंजलं साहेब. कोंबडी अंडी घालतीया त्येच्यात."

नेमकं तेव्हा त्यांच्या मळ्यातून इंजिन टुकटुक टुकटुक करत होतं. चावडीपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं.

साहेबानं कान टवकारले. "हा आवाज कसला?"

"गिरनी," तात्या म्हणाले.

"गिरणीला डिझेल लागतं का?"

"न्हाय, न्हाय. इजेवर चालती."

"या बाजूला वीज आली?"

तात्यांनी वर तारेच्या जागी मोकळ्या आभाळाकडं बघितलं. "येतीया की," म्हणाले. "कवातरी."

मी तोंडात उपरणं कोंबलं. साहेब मात्र हसला नाही, रागावलाही नाही. खोकल्यासारखं करून घसा साफ केला आणि कारकुनाला म्हणाला, "ठीक. आपण असं धरू या, की मागणी शून्य."

ते "धरू या" माझ्या गळ्यात तिथंच शिरलं. प्रत्येकाला तो तेच म्हणत होता. हा म्हणाला, ट्रॅक्टर पाव्हण्यांचा आहे, वस्तीला आला होता. "आपण शून्य धरू या." तो म्हणाला, डिझेलचं डबडं हाय पण त्यात पानी भरून ठेवलंय. "धरू या." डोळ्यांपुढं टायरच्या खुणा, डोळ्यांपुढं काळ्या तेलाचे डाग, कानात इंजिन. आणि हा धरतोय. त्याला दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं. पण शून्य लिहायला सोपं पडतं.

मग अण्णाचा नंबर आला. टेंपो समोरच उभा होता, दुधाचा वास येत होता.

"हा टेंपो रोज कुठं जातो?"

अण्णा सरळ माणूस. त्याला खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं बोलला तेव्हा नको तेवढं मोठं बोलला. "रोज न्हाय साहेब. अमुशाला देवाला जातो. एरवी पोरं खेळत्यात त्येच्यावर."

"अमावस्येला. देवाला," साहेब कारकुनाकडं बघून म्हणाला. "असं धरू या, महिन्याला एक फेरी."

जीप धूर सोडत गेली. गाव खूश. कर चुकवला! चावडीपुढं मी साहेबाची नक्कल केली, नाक दाबून, घसा साफ करून. तात्यांच्या डोळ्यातून पाणी आलं हसून. "परत कर, परत कर," म्हणाले. मी केली. त्या हिवाळ्यात ज्याच्या त्याच्या ओट्यावर मी तेच करत होतो. आपण असं धरू या, की तुमची म्हैस दूध देत नाही. आपण असं धरू या, की तुमच्या घरात माणसंच नाहीत.

उन्हाळ्यात रेडिओ बोलायला लागला. तिकडं कुठल्या देशात राजाच गादी सोडून पळाला होता, तेल महागलं होतं, जहाजं अडली होती. आम्ही म्हटलं, त्यांचा राजा, त्यांचं ते बघतील. मग सोलापूरच्या पंपांवर पाट्या लागल्या, माल नाही. मग पंपावर माल आला पण तो परमिटावर. आणि परमिट कशावर? तर ज्यानं त्यानं हिवाळ्यात जी मागणी सांगितली होती, तिच्यावर.

तात्यांना शून्य.

अण्णाला महिन्याला एक कॅन. अमावस्येला देवाला जाऊन यायला पुरेल एवढा.

चावडीपुढं त्या दिवशी कुणी मला नक्कल कर म्हणालं नाही.

अण्णानं काय काय केलं ते मी मागच्या फळीवरून बघितलंय. येताना माणसं घेणं बंद केलं, पेंड बंद केली. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायचा, आणि आम्ही जीव मुठीत धरून ब्रेककडं बघायचो. डिझेलात रॉकेल घातलं. ते रॉकेल अव्वाच्या स्टोव्हमधलं. अव्वा काट्याकुट्यावर भाकऱ्या करायला लागली आणि धुरानं डोळे लाल करून विचारायची, "पोचलं का रे दूध?" बास, एवढंच विचारायची. पोचलं की ती खाली बसायची.

एके दिवशी पोचलं नाही. कुंभारीच्या अलीकडच्या चढावर टेंपो खोकला. मी काढतो तो खोकला नव्हे, खरा. आणि बंद पडला. ऊन चढत होतं. अण्णा कॅनवर ओली पोती टाकत होता, मी येणाऱ्या जाणाऱ्या गाडीपुढं हात जोडत होतो. शेवटी एक बैलगाडी मिळाली. बैलगाडीनं डिझेलच्या जमान्यात आमचं दूध डेअरीवर नेलं. सुपरवायझरनं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि तोंड फिरवलं. नासलेलं. सगळंच्या सगळं. वस्त्यावस्त्यांवरच्या बायांनी पहाटे उठून काढलेलं दूध आम्ही डेअरीमागच्या गटारात ओतलं. पांढरं गटार कधी बघितलंय तुम्ही? मी बघितलंय. कुत्र्यांनीसुद्धा हुंगून सोडून दिलं.

सुपरवायझर वाईट नव्हता. अण्णाला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्या हातात काही नाही. आजचं मी निभावतो. उद्या सकाळी गाडी आली नाही, तर फेरी दुसऱ्याला द्यायला लागेल. आजच्या आज डिझेलचं काय ते बघ."

आजच्या आज. अण्णानं डिझेलचा रिकामा कॅन उचलला आणि आम्ही निघालो पुरवठ्याच्या ऑफिसकडं. नव्या पेठेतून चालत गेलो. दुकानांच्या पायऱ्यांवर चादरींचे गठ्ठे पडून होते, न्यायला गाडी नाही. हमाल गठ्ठ्यांवर झोपलेले. एक दुकानदार आमच्या हातातला कॅन बघून ओरडला, "कुटं मिळतंय हो?" अण्णा चालत राहिला. नासलेल्या दुधाचा वास त्याच्या शर्टाला होता.

ऑफिसापुढं ही रांग. तात्या आधीच येऊन उभे होते, मळ्यातली वांगी वाळायला लागली म्हणून. मोहोळकडचा एक ट्रकवाला होता. शहरातला एक ड्रायव्हर होता, गठ्ठ्यांची गाडी चालवणारा. कुंभारीचा एक टेंपोवाला होता, तो नेमका आमच्या पुढं. सगळ्यांच्या हातात रिकामा कॅन, सगळ्यांचं दुखणं एकच. हिवाळ्यात सगळ्यांनी साहेबाला शून्य सांगितलेलं.

आणि रांगेच्या शेजारी लिंबाच्या सावलीत ती जीप उभी होती. साहेबाची. चालू. आत माणूस नाही, कुठं जायचं नाही, नुसती चालू. मागून धूर सोडतेय. तीही डिझेलवरच. मी ड्रायव्हरला विचारलं, "साहेब निघालेत का?"

"न्हाय वो. संध्याकाळी."

"मग बंद करा की."

"बॅटरी डाउन हाय. बंद केली की ढकलावी लागती," तो म्हणाला आणि विडी पेटवली.

बघा. हे आठवलं की मला अजून काहीतरी फोडावंसं वाटतं. आम्ही उतारावर इंजिन बंद करून जीव टांगणीला लावायचा, माझ्या आईनं धुरात डोळे फोडायचे, तात्यांची वांगी वाळायची, आणि ह्याची जीप ढकलायला लागू नये म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागेवर उभी डिझेल पिणार. तिची मागणी कुणी विचारली होती? तिला कुणी शून्य धरलं होतं?

खिडकीवर तोच कारकून. अण्णानं हात जोडून सांगितलं, दूध नासतंय, उद्याची फेरी गेली तर घर बसलं. कारकुनानं कागद चाळले. "तुमच्या दक्षिणेकडच्या गावांची मागणीच नाही हो," म्हणाला. "कल उतरता आहे. तुमच्याकडं लोक वाहनं वापरत नाहीत, असं दिसतंय."

"दिसतंय म्हंजे?" अण्णानं रिकामा कॅन वर केला. "ह्यो काय हातात?"

"साहेब जेवायला बसलेत. रांगेत थांबा."

रांगेत थांबलो. ऊन डोक्यात शिरलेलं. जीप धूर सोडतेय. मला काय झालं माहीत नाही. राग अनावर झाला की माझ्या आतून दुसरंच कुणीतरी बाहेर येतं. मी रांगेतून बाहेर पडलो. नाक दाबलं. घसा साफ केला.

"घाबरू नका," मी म्हणालो. त्याच्या आवाजात. "कुठल्या भागाला साधारण किती डिझेल लागेल, त्याचा आम्ही अंदाज घेतो आहोत."

रांग दचकली. निम्म्यांनी खरंच खिडकीकडं बघितलं. मग मला बघितलं आणि जो हशा उठला! जीपचा ड्रायव्हरसुद्धा विडी टाकून पुढं आला.

मी तात्यांपुढं गेलो. "इंजिन आहे?"

तात्यांच्या मिशा हलल्या. "हाय की साहेब!" ते ओरडले. "लई झकास हाय! दिसभर चालतंय!"

"मग त्यात कोंबडी अंडी घालते ते?"

"कोंबडीला इंजनाचं तोंड म्हाईत न्हाय! खोटं बोललो मी! दिसाला निम्मा कॅन पितंय त्ये!"

"आपण असं धरू या, की निम्मा कॅन," मी म्हणालो. पुढचा ट्रकवाला. "तुमची मागणी?"

"दर फेरीला टाकी भरून लागतीया, साहेब. मी म्हनलो ट्रक इकला. इकला न्हाय, त्यो बघा, कोपऱ्यावर उभा हाय, रडतोय."

शहरातल्या ड्रायव्हरनं छातीवर हात ठेवला. "हौ साब, झूट बोल्या था मैं. गाडी रोज चलती. रोज! मेरेकू लगा टॅक्स लगाते तुमे."

"मलाही तसंच वाटलं," मी साहेबाच्या नाकातून म्हणालो, आणि रांग खाली बसून हसली.

काय सांगू तुम्हाला. हिवाळ्यात त्या आवाजाला सगळ्यांनी खोटं सांगितलं, आणि आता त्याच आवाजाला सगळे ओरडून खरं सांगत होते. जणू पोटात अडकलेलं सुटत होतं. कुंभारीचा टेंपोवाला तर हात वर करून बोलला, "माझा रोज धावतोय, साहेब! कांदा, मानसं, लग्नाची भांडी, पडंल ते! दिसाला कॅनभर!" मी सगळ्यांचं धरत होतो. मला वाटत होतं मी लई मोठा झालोय.

मग अण्णापुढं आलो.

"आणि आपला टेंपो?" मी विचारलं, त्याच नाकातून. "अमावस्येला देवाला जातो म्हणे?"

रांग अण्णाकडं बघून हसायला तयार होती. अण्णा माझ्याकडं बघत होता. चेहरा दगडासारखा. कॅन दुसऱ्या हातात घेतला आणि मान फिरवली.

"उत्तर नाही," मी म्हणालो. "आपण असं धरू या..."

तेवढ्यात हशा बंद झाला. एकदम. मी मागं वळून बघितलं. खिडकी सताड उघडी होती, आत कारकून मान खाली घालून भराभर लिहीत होता, आणि त्याच्या मागं साहेब उभा. हात धुऊन रुमालानं पुसत. किती वेळ उभा होता कोण जाणे.

मला वाटलं आता शिपाई येणार. तसं काही झालं नाही. त्यानं रुमालाची घडी घातली, घसा साफ केला आणि म्हणाला, "छान. चौकशी झाली. बाहेर जे बोलले त्यांच्या मागणीत दुरुस्ती करा. परमिट द्या. जे बोलले नाहीत, त्यांची मूळ नोंद कायम."

रांगेला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा लोकांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. तात्यांनी माझी पाठ थोपटून सोलून काढली. एकेकजण परमिट घेऊन पंपाकडं पळायला लागला, कारण पंपावरचा माल कधी संपेल याचा नेम नव्हता.

अण्णा आत गेला. मी त्याच्या मागं. "साहेब," तो म्हणाला, "आमचा टेंपो रोज दूध नेतो. तवा मी खोटं बोललो. उद्या फेरी चुकली तर गेली. मला बी द्या."

"बाहेर विचारलं तेव्हा गप्प का राहिलात?"

"त्यो माझा भाऊ इचारत व्हता, साहेब. तुमी न्हवं."

साहेब माझ्याकडं बघून हसला. पहिल्यांदाच. "असं कसं? सगळ्यांनी मलाच उत्तर दिलं. साहेब, साहेब म्हणूनच बोलले ना? मग मीच विचारलं, असं धरू या." आणि कारकुनाला म्हणाला, "यांचं आहे तसंच ठेवा. महिन्याला एक फेरी. देवाला."

मी बोलायला तोंड उघडलं. खरं सांगतो, काही आलं नाही. हेडमास्तर नाही, कंडक्टर नाही, अडत्या नाही. त्याला द्यायला माझ्याकडं एक शिवीसुद्धा माझ्या आवाजात नव्हती.

तात्या पंपावरून हात हलवत परत आले. त्यांच्या नंबराच्या आधीच माल संपला होता. "मिळालं असतं तर निम्मं तुला दिलं असतं रे," अण्णाला म्हणाले. दिलंही असतं, ते तसे आहेत. बाहेर जीप तशीच धूर सोडत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णानं मला उठवलं. रात्री बैल जुंपून चढावरून ओढत घरी आणलेल्या टेंपोत थेंब नव्हता. तरी आम्ही दोघांनी तो ढकलत फाट्यावर नेला. कुणीतरी येईल, कुणीतरी थोडं देईल, ह्या आशेवर. बाया दूध घेऊन आल्या, कॅन भरले, ओळीनं ठेवले. आम्ही रस्त्याकडं डोळे लावून बसलो.

एक टेंपो आला. कुंभारीचा. कालच्या रांगेतला, आमच्या पुढचा.

तो खाली उतरला, पण अण्णाच्या डोळ्यांत बघेना. "तुमास्नी परमिट मिळालं न्हाय त्ये डेअरीवाल्याला कळलं, सांजच्यालाच निरोप धाडला त्येनं," म्हणाला. "मी मागायला गेलतो न्हाय, अण्णा. देवाशपथ."

"असू दे," अण्णा म्हणाला. "दूध तापतंय. भर."

आणि उठून स्वतःच्या हातानं त्यानं आमचे कॅन त्याच्या टेंपोत चढवले. एकेक. मला हात लावू दिला नाही. टेंपो चालू झाला, न खोकता, आणि गेला. बाया घरी गेल्या. फाट्यावर आम्ही दोघं आणि आमचा टेंपो.

म्हटलं काहीतरी बोलावं. "त्यो साहेबच हलकट, अण्णा," मी म्हणालो.

"साहेबाचं राहू दे!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं फडकं खाली टाकलं. "त्यो हलकटच हाय, त्ये का मला म्हाईत न्हाय? त्येला मी काय बोलू? मी तुला बोलतोय. सगळ्यांस्नी इचारलंस, लई ब्येस केलंस, सगळ्यांचं भलं झालं. मला कशापायी त्येच्या आवाजात इचारलंस? आं? ज्या आवाजापुढं मी एकदा खोटं बोललो, लाज सोडून, त्यो आवाज तू माझ्या तोंडापुढं धरतोस? चारचौघांत? आन वर हसतोस? एकडाव तुज्या आवाजात म्हनला असतास, अण्णा, किती लागतं रे आपल्याला, सांग की. सांगितलं असतं. वरडून सांगितलं असतं. रोज लागतं, घर त्येच्यावर चालतं, अव्वा त्येच्यावर हाय, तू त्येच्यावर हाईस. पर तुला भावासारखं बोलायला येतंय कुटं? सगळ्या मुलखाचं नरडं घिऊन हिंडतोस, आन घरच्या मानसाशी बोलायची येळ आली की साहेब व्हतोस! अव्वाला काय सांगू मी? पोचलं का म्हून इचारंल आता ती. तू सांग. कुनाच्या आवाजात सांगशील, बोल!"

मी कुंभारीचा टेंपो गेला त्या रस्त्याकडं बघितलं.

"बघत काय बसलास? लाव हात. ढकल मागं, अंगनात निऊन लावू. अमुशाला देवाला जायाचंय न्हवं."